वाडीची मोट: गाववाले, मुंबईकर आणि पंचायत एका कामाला कसे लावावेत

कोकणातल्या बहुतेक वाड्यांची दुखणी सारखीच असतात. पाखाडीचे (दगडी पायवाटेचे) चिरे उखडलेत, साकवाचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा) कठडा गेलाय, विहिरीला एप्रिलमध्ये तळ दिसतो आणि निम्म्या घरांना कुलूप आहे. यातलं कुठलंच काम अशक्य नसतं, आणि पैसेही कुठून ना कुठून उभे राहतात. घोडं अडतं ते माणसांपाशी. गावात राहणारे म्हणतात, मुंबईकर नुसते सांगतात, राबायचं आम्ही. मुंबईकर म्हणतात, पैसे पाठवले की हिशोब येत नाही. ग्रामपंचायत म्हणते, आमच्याकडे लेखी मागणीच आली नाही. तिघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, म्हणूनच भांडण मिटत नाही. ही तीन टोकं कशी बांधायची, ते इथे लिहिलं आहे. डोळ्यांसमोर साधारण 30 ते 60 घरांची वाडी आहे.

पहिली खरेदी: एक वही

सभा बोलावण्याआधी घरोघरी जाऊन वाडीची वही भरा. एका घराला एक पान. घरात बारमाही कोण राहतं, मुंबई-पुण्याला कोण, त्यांचा फोन, गणपतीला येतात की शिमग्याला, घर बंद असेल तर किल्ली कुणाकडे. त्याखाली कसब: गवंडी, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर, शिवणकाम, कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग. आणि त्याखाली साधनं: पिकअप, ग्रासकटर, पाण्याचा पंप, शिडी. दोघांनी मिळून फिरलं तर 40 घरांची वही तीन-चार संध्याकाळी पुरी होते. त्या दोघांत एक बाई असावी आणि दोघं एकाच भावकीतली नसावीत. एकाच भावकीतली दोघं दारात उभी राहिली की समोरचा आधी हे कुणाच्या वतीने आलेत ते ताडतो, मग बोलतो.

प्रत्येक घरी तीनच प्रश्न विचारा. पावसात काय अडतं? एप्रिल-मेमध्ये काय अडतं? तुमच्याकडून यात काय होण्यासारखं आहे? तिसरा प्रश्न कधीही गाळू नका. नुसतं ‘वाडीला काय हवंय’ विचारलं की मागण्यांची यादी तयार होते, तिच्या डोक्यावर सभामंडप असतो आणि ती यादी कुणाच्या तरी गळ्यात मारायची एवढंच काम उरतं. तिसऱ्या प्रश्नावर मात्र माणसं विचार करून बोलतात. ‘पैसे नाहीत, पण दोन दिवस येईन.’ ‘माझा पोरगा नकाशे काढतो, त्याला सांगते.’ हे त्यांच्याच शब्दांत, त्याच पानावर लिहून घ्या. पुढे सहा महिन्यांनी तेच वाक्य वाचून दाखवता येतं.

वहीत सगळे आले पाहिजेत. बागेच्या मांगरात (बागेतल्या खोपीत) ऑक्टोबर ते मे राहणारं नेपाळी राखणदाराचं कुटुंब, भाड्याच्या खोलीत राहणारी अंगणवाडी सेविका, वाडीच्या टोकाची कातकरी घरं. विहिरीचं पाणी तीही भरतात आणि वाटेवरून तीही चालतात. यांना वगळून केलेली वही अर्धीच राहते.

सभेआधीच्या भेटी

सभेत काहीही ठरत नाही, जे ठरतं ते आधी पडवीवर ठरतं. म्हणून सभेआधी सात-आठ माणसांना त्यांच्या घरी जाऊन भेटा: गावकर किंवा मानकरी, वॉर्डाचा सदस्य, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष आणि सचिव, शाळेचे गुरुजी, दुकानदार, आणि गेल्या वेळी ज्याने काम मोडलं असं सगळे म्हणतात तो. त्याच्याकडे सगळ्यात आधी जा. तो अडवतो त्यामागे बहुतेकदा ठोस कारण असतं: त्याच्या बांधावरून न विचारता पाइप नेला होता, किंवा त्याच्या बापाने दिलेल्या जागेचं नाव कुणी घेतलं नाही. कारण ऐकून घ्या, वहीत लिहा. तिथल्या तिथे न्यायनिवाडा करू नका.

जुने तंटे या कामात ओढू नका. बांधाचा, वाटेचा, पालखीच्या मानाचा वाद विकासाच्या सभेत सुटत नाही, सभा मात्र त्यात बुडते. त्यासाठी तंटामुक्त समिती आहे, गावकी आहे. पहिलं काम असं निवडा की ते वादाच्या जमिनीला शिवणारच नाही.

जागेचाही विचार करा. सवयीने सभा देवळात लावली जाते आणि मग बौद्धवाडीतून, मोहल्ल्यातून कुणी आलं नाही म्हणून नाराजी होते. गाव सगळ्यांचं असेल तर सभा शाळेत किंवा अंगणवाडीत घ्या. समाजमंदिरातही घ्या, आळीपाळीने. कामाचा आरंभ नारळ ठेवून, देवाला गाऱ्हाणं घालून करायचा असेल तर तो वाडीचा रिवाज आहे, जरूर करा. पण ठरावाची सभा आणि गाऱ्हाणं वेगळं ठेवा.

वेळ पाळीव जनावरांच्या आणि शेतीच्या वेळापत्रकाला धरून. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी, मार्चपासून आंबा-काजू. या काळात दुपारची सभा रिकामी जाणारच. उलट कोळीवाड्यात जून-जुलैच्या मासेमारी बंदीत माणसं घरी असतात. बायका हव्या असतील तर त्यांनाच विचारून वेळ लावा, बहुतेक ठिकाणी दुपारी अडीच ते चार हीच ती वेळ निघते. रात्री नऊच्या सभेला बायका आल्या नाहीत, तर दोष वेळेचा आहे.

मुंबईकरांशी करार आधी, वर्गणी नंतर

मुंबई मंडळ ही कोकणी वाडीची मोठी ताकद आहे. गिरणीच्या काळात एका खोलीत राहून माणसांनी गावची शाळा, देऊळ, विहीर उभी केली, ती याच मंडळांतून. म्हणूनच नातं नीट बांधायला हवं. काम वाटून घ्या: कुठलं काम, कुठे, कधी, हे गावात राहणारे ठरवतील. अर्ज, नकाशा, अंदाजपत्रक, हिशोबाची तपासणी, सरकारी आणि कंपन्यांच्या कार्यालयांतल्या भेटी, हे मुंबईकर करतील. ज्याला रोज त्या पाखाडीवरून चालायचं आहे त्याने तिची जागा ठरवावी, हे एकदा दोन्ही बाजूंनी मान्य केलं की निम्मी कुरबुर थांबते.

वर्षाचं चक्र सणांवर बसवा. गणपतीत काम ठरवायचं आणि सह्या घ्यायच्या, कारण तेव्हा सगळे हिस्सेदार गावात असतात. शिमग्याला हिशोब वाचायचा. मेमध्ये मोठं अंगमेहनतीचं काम. गणपतीतली सभा आरतीनंतर घाईत उरकू नका. गौरी-विसर्जनानंतरचा एक सकाळचा दोन तासांचा वेळ वर्षभर आधी जाहीर करून ठेवा. रेल्वेची तिकिटं दोन महिने आधी काढायची असतात हे विसरू नका.

वर्गणी सरसकट घरटी लावली की गोंधळ होतो. एका घरात तीन पगार, दुसऱ्या घरात एकटी म्हातारी. कमावत्या माणसामागे रक्कम लावणं जास्त न्यायाचं. आणि श्रमाची किंमत आधीच ठरवा: गावात त्या हंगामात चालणारी दिवसाची मजुरी, तेवढी एका दिवसाच्या श्रमाची वर्गणी. हे लिहून ठेवलं की राबणाऱ्याचं नाव पैसे देणाऱ्याच्या शेजारी, त्याच यादीत येतं. कोकणात बोर्डावर देणगीदार झळकतात, चिरे वाहणारा कुठेच नसतो, ही चाल बदलायलाच हवी.

पैसा कुणा एकाच्या खात्यात, एकाच्या फोनवर जमा करू नका, तो कितीही सज्जन असो. त्याच्यावरच उद्या संशय येतो आणि चांगला माणूस कायमचा दूर जातो. मंडळाचं खातं, तीन सह्या नोंदवलेल्या, त्यातल्या कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार. तिघांत एक गावात राहणारी बाई असावी. बचत गट चालवणाऱ्या बायकांना बँकेची आणि वहीची सवय असते. उमेद अभियानातल्या गटांची पंचसूत्रीच मुळी नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे अशी आहे. हिशोब शाळेच्या भिंतीवर लावायचा आणि तो नगात लिहायचा: सिमेंट 14 पोती, खडी 1 ब्रास, पावती क्रमांक अमुक. नुसती ‘साहित्य खर्च’ अशी ओळ घातली तर कुजबुज सुरू होते.

व्हॉट्सअॅप ग्रुप हवाच, पण त्यावर फक्त निर्णय, पावत्यांचे फोटो आणि कामाचे फोटो. वाद फोनवर किंवा समोरासमोर. ग्रुपवर वाद झाला की दोनशे माणसं प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षक असले की कुणी माघार घेत नाही.

पहिलं काम: वनराई बंधारा

माणसं एकमेकांना ओळखतात ती एकत्र काम केल्यावर. पहिलं काम एका दिवसात संपणारं, जमीन नावावर करायची गरज नसलेलं आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसणारं हवं. या सगळ्यात पऱ्यावरचा, म्हणजे व्हाळावरचा किंवा ओढ्यावरचा, वनराई बंधारा चपखल बसतो. सिमेंटची रिकामी पोती, पऱ्यातलीच वाळू-मुरूम आणि हात, एवढंच लागतं. रिकामी पोती सप्टेंबरपासून बांधकामांवरून गोळा करायला लागा. कंत्राटदार सहसा फुकट देतात. कृषी सहायकाला आणि ग्रामपंचायतीला आधी सांगा: जागा पाहायला त्यांना बोलवा, दर वर्षी जिल्हा परिषदेच्या बंधाऱ्यांच्या मोहिमेत त्याची नोंदही होते.

जागा अशी शोधा: पात्र अरुंद, सरळ, दोन्ही काठ भक्कम, तळाला कातळ किंवा घट्ट मुरूम, आणि वर पाणी साठलं तरी कुणाच्या मळ्यात शिरणार नाही. ज्यांचे मळे लागून आहेत त्यांना जागेवर नेऊन, पाणी कुठवर येईल ते काठी रोवून दाखवा. मुहूर्त: कापणी उरकल्यावर, पाऊस गेलेला पण पऱ्या वाहता असताना. म्हणजे ढोबळमानाने नोव्हेंबर. डिसेंबर उजाडेपर्यंत थांबलात तर धार बारीक होते आणि अडवायला पाणीच उरत नाही.

मोजमाप पाहा. 6 मीटर रुंद पात्र, बंधाऱ्याची उंची 1 मीटर, तळाची रुंदी दीड मीटर, माथ्याची 60 सेंटीमीटर. म्हणजे सुमारे सव्वासहा घनमीटर भराव. भरून शिवलेलं पोतं साधारण 60 बाय 40 बाय 15 सेंटीमीटर बसतं, तेव्हा पावणेदोनशे पोती लागतात. फाटकी-तुटकी धरून 200 जमवा. थर सात होतात. 20 ते 25 माणसांचं हे अर्ध्या दिवसाचं काम: निम्मी जोडीजोडीने भरणारी, दोघं सुतळीने तोंडं शिवणारी, पाच-सहा वाहणारी, तिघं लावणारी. भरलेलं पोतं 50 किलोच्या पुढे जातं, एकट्याने उचलू देऊ नका. पोतं तोंडापर्यंत भरायचं नाही, पाऊण भरलं की शिवायचं, म्हणजे ते दबून शेजारच्याशी घट्ट बसतं. टम्म भरलेली पोती गोटे ठेवल्यासारखी राहतात आणि फटींतून पाणी जातं.

तळाचा पाला, सुटे गोटे काढून घट्ट जमिनीवर पहिला थर घाला. चिऱ्यांच्या बांधकामासारखे सांधे मोडायचे: वरचं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर. दोन्ही टोकं काठात निदान एक हात खोदून आत न्या. इथे आळस केला तर पाणी काठ पोखरून बाजूने निघून जातं. बंधारे फुटण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. मधल्या भागात वरचा एक थर कमी ठेवा, म्हणजे जादा पाणी मधोमध सांडतं, आणि ते पडतं तिथे खालच्या अंगाला मोठे दगड रचा. वरच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद टाकून त्याच्या पायथ्याशी चिकणमाती दाबा. वाळू काठाच्या मुळाशी उकरू नका, मधल्या पात्रातून घ्या.

दुपारी एकत्र जेवण ठेवा. पिठलं-भात चालेल, पण सगळ्यांच्या पंगती एकच. नात्यांचं निम्मं काम त्या पंगतीत होतं, असं आमचं ठाम मत आहे.

पंचायतीकडे जाताना

बंधारा झाला की सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. आता मोठ्या कामाची, समजा पाखाडीची, मागणी करा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजा.

अर्जातली भाषा नेमकी हवी. ‘वाडीत रस्ता करणे’ हे लिहून काहीही होत नाही. ‘शाळेच्या फाटकापासून सार्वजनिक विहिरीपर्यंत 180 मीटर लांब, दीड मीटर रुंद पाखाडी, दोन ठिकाणी मोरी, सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर सोबत’ असं लिहिलं की अभियंत्याला अंदाजपत्रक करता येतं. हेच शब्द ग्रामसभेच्या ठरावात आले पाहिजेत, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह, आणि काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसलं पाहिजे. ग्रामसभा प्रथेप्रमाणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास असतात. गणसंख्या एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी कमी असेल ती. तेवढी माणसं जमवणं ही वाडीचीच जबाबदारी धरा. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या आणि वहीला चिकटवा.

पाणीयोजनेचं काम असेल तर गावची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती शोधा. तिच्यात निम्म्या बायका असाव्या लागतात. कागदावर त्या असतात, पुष्कळदा त्यांनाच ते माहीत नसतं. त्यांना सांगा, बैठकीला न्या. जलजीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाला लोकवर्गणीची अट आहे: सर्वसाधारण गावाला 10 टक्के, डोंगरी, वनक्षेत्रातल्या आणि निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींच्या गावाला 5 टक्के. ती श्रमातूनही देता येते.

खरी कसोटी जमिनीची. कोकणातला सातबारा सामाईक असतो, एका हिस्स्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली चार वारलेली. सरकारी पैसा घालायचा तर वाट ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 23ला हवी, आणि त्यासाठी ज्यांच्या जमिनीतून ती जाते त्यांची संमती हवी. क्रम असा ठेवा: आधी वाटेवरचे सगळे सातबारे काढा. नावांची यादी करा, वहीतल्या फोनशी जुळवा. वारस लागायचे असतील तिथे तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज लगेच करायला सांगा, त्याला महिने लागतात. संमतीपत्रं छापून तयार ठेवा आणि गणपतीत घरोघरी जाऊन सह्या घ्या. संमतीपत्रात रुंदी मीटरमध्ये लिहा. ‘वाटेपुरती जागा’ असं लिहिलं तर सही मिळते, पण कामाच्या दिवशी गडगा (दगडी कुंपण) हलवायला कुणी तयार होत नाही. जो जागा देतो त्याचा गडगा पुन्हा बांधून द्यायचा खर्च अंदाजपत्रकातच धरा.

बाहेरचे भागीदार

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर मिळालं तर चांगलं, पण पोरांना सकाळी सातला काय करायचं ते माहीत असेल एवढी तयारी वाडीने करायची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माणसं बागेच्या, परसबागेच्या कामात मदत करतात, त्यांच्याकडे नेमका प्रश्न घेऊन जा.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल फार भाबड्या कल्पना आहेत. कंपनी कायदा 2013च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात, हे खरं. पण थेट पैसे घ्यायचे तर संस्थेची नोंदणी, आयकर खात्याकडच्या 12ए आणि 80जी या नोंदण्या आणि सामाजिक निधी घेण्यासाठीचा सीएसआर-1 क्रमांक लागतो. वाडी मंडळाने त्यासाठी घाईने संस्था काढू नये. सात माणसांत नोंदणी होते, पण मग दर वर्षी लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आणि ते राहिलं की जुनीच नावं वर्षानुवर्षं चालू. आधीच नोंदलेल्या, तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेबरोबर जा.

कुठल्याही भागीदाराशी एका पानाचा लेखी समझोता करा. कोण काय देणार, कुठल्या तारखेपर्यंत, कामावर देखरेख कुणाची, बोर्डावर नावं कुठल्या क्रमाने, काम झाल्यावर ते सांभाळणार कोण. नावांचा क्रम क्षुल्लक वाटतो, पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बोर्डावरून मोडलेली कामं थोडी नाहीत. आणि निवडणुकीची तारीख पाहून नियोजन करा. आचारसंहिता लागली की कार्यारंभ आदेश अडकतो.

वाटणी नीट असली की काय होतं, हे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला दिसतं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र, वन विभाग आणि गावकरी यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, आणि 2006पासून कासव महोत्सवामुळे पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. संस्थेने शास्त्र आणलं, वन खात्याने अधिकार आणि गावाने राखण. प्रत्येकाचं काम वेगळं होतं आणि गावाला त्यातून मिळकत होती. चिपळूणला 22 जुलै 2021च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ निघाला तोही नागरिकांची बचाव समिती, जलसंपदा विभाग आणि नाम फाउंडेशन अशा तीन हातांनी. तिथे नागरिकांचा वाटा पैशाचा नव्हता, पाठपुराव्याचा होता.

काम झाल्यावर

प्रत्येक कामाच्या जमा रकमेतले 10 टक्के देखभालीला बाजूला काढा, उद्घाटनाआधी. साकवाचे नट-बोल्ट, पाखाडीच्या सांध्यांतलं गवत, विहिरीचा रहाट, याचं एकेक घर नेमा आणि दर शिमग्याला नेमणूक फिरवा.

आणि बंधाऱ्याची पोती. उन्हाने ती विरतात, आणि पहिल्या पावसात फुटली की त्यांच्या चिंध्या पऱ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातात, कोळ्यांच्या जाळ्यात येतात. म्हणून बांधतानाच पोती काढण्याची तारीख ठरवा, 20 ते 25 मेच्या दरम्यान. तेव्हा मुंबईकर पोराबाळांसह गावात असतात आणि पाणी आटलेलं असतं. वाळू पात्रात पसरा, धड पोती धुऊन शाळेच्या माळ्यावर ठेवा, फाटकी मोजून ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्या. 200 जमवली होती, तर वहीत 200चा हिशोब लागला पाहिजे.